लोखंडामागचं लाकूड

२ मे १८६६ रोजी पेरूच्या कायाओ बंदरासमोर 'नुमान्सिया' या स्पॅनिश चिलखती फ्रिगेटला, म्हणजे लोखंडी पत्र्यांनी मढवलेल्या युद्धनौकेला, किनाऱ्यावरच्या तोफांचे पन्नासएक गोळे लागले. त्यांतला एकच चिलखताचा पत्रा फोडून आत शिरला आणि पत्र्यामागच्या लाकडात रुतून बसला. त्या लाकडापलीकडे जहाजाच्या कवचाचा पातळ पत्रा होता आणि त्याच्या आत पाचशेहून जास्त माणसं. त्यांच्यापर्यंत गोळा पोचला नाही. जहाजाच्या चरित्रात या गोळ्याच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, आणि पुढच्याच ओळीत सेनापतीच्या जखमांचं वर्णन सुरू होतं. मी मात्र दर वेळी त्या एका वाक्याशी अडखळतो. जगात लोखंडी म्हणून गाजलेल्या जहाजाला त्या दुपारी लाकडाने वाचवलं. नुमान्सियाच्या उण्यापुऱ्या अर्धशतकाच्या नोकरीचा हिशोब मांडायला बसलं की हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. नाव पुढच्या पत्र्याचं झालं, मार मागच्या कुणीतरी खाल्ला.

ही भिंत कशी रचलेली असायची ते आधी पाहू. बाहेरच्या अंगाला घडीव लोखंडाचे सुमारे १३ सेंटीमीटर जाडीचे पत्रे, एकेक पत्रा काही टनांचा. त्यांच्या मागे लाकडाचे जाडजूड ओंडके एकमेकांना घट्ट भिडवून बसवलेले. त्यांच्या मागे जहाजाच्या अंगाचा पातळ पत्रा आणि फासळ्या. या तिन्ही थरांतून आरपार बोल्ट जायचे आणि आतल्या बाजूने नट आवळायचे. गोळा आदळला की पत्रा आत दबतो. मागे थेट लोखंडी फासळी असेल तर तो हादरा बोल्टमधून सरळ आत जातो, बोल्टचं मुंडकं तुटतं आणि आतला नट बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. पत्रा शाबूत राहूनही माणसं मरायची ती अशी. लाकूड दबतं, हादरा पसरवतं, बोल्टला थोडी उसंत देतं. पत्रा फुटलाच तर त्याचे तुकडे धरून ठेवतं. लाकूड कुठलं घालायचं हाही प्रश्न साधा नव्हता. ओकच्या लाकडातलं आम्ल ओल मिळाली की लोखंड खातं, बोल्ट काळे पडतात आणि आतल्या आत झिजत जातात. सागवानात तेल असतं, ते लोखंडाला खात नाही आणि सहजी कुजतही नाही. म्हणूनच इंग्रजांच्या १८६० सालच्या 'वॉरियर'मध्ये साडेअकरा सेंटीमीटर लोखंडामागे शेहेचाळीस सेंटीमीटर सागवान आहे. सागवानाची ही महती मुंबईच्या गोदीत वाडियांनी त्याआधी कितीतरी वर्षं सिद्ध केली होती. त्यांनी १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

नुमान्सिया फ्रान्समध्ये बांधली गेली, तुलाँजवळच्या ला सेनच्या गोदीत. १९ नोव्हेंबर १८६३ला ती पाण्यात उतरली. लांबी सुमारे ९६ मीटर, वजन सात हजार टनांच्या वर, अंग पूर्ण लोखंडी, तीन डोलकाठ्यांवर शिडांचा पुरा संभार आणि तळाशी वाफेच्या इंजिनावर फिरणारा एक मळसूत्री पंखा. रोमनांच्या वेढ्यात शरण न जाता संपून गेलेल्या सोरियाजवळच्या प्राचीन शहराचं नाव तिला दिलं. स्पेनच्या आरमाराने एवढी मोठी उडी एका दमात घेतली होती. असं जहाज बांधायची यंत्रसामग्री देशात नव्हती, म्हणून एक फ्रान्सकडून आणि 'व्हितोरिया' हे दुसरं लंडनला थेम्सकाठी बांधून घेतलं. बाहेरून विकत घेतलेल्या यंत्राबरोबर सुट्या भागांचं परावलंबन येतंच. पत्रा वाकला, शाफ्टचं बेअरिंग झिजलं, बॉयलरच्या नळ्या गेल्या, की सामान कुठून आणायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी होता.

तोफांचा मजला म्हणजे दोन्ही कुशींना लांबलचक रांगा. मूळ मांडणी चाळीस तोफांची, साऱ्या ६८ पौंडी, गुळगुळीत नळीच्या, तोंडाकडून भरायच्या. गोळा जवळपास एकतीस किलोचा आणि नुसती नळी पाच टनांच्या घरातली. एक बार उडवायचा म्हणजे एवढी कामं: आधीच्या बाराचे निखारे विझवायला ओल्या पुसण्याने नळी पुसायची, दारूची पिशवी सारायची, मग गोळा, मग गोळा गडगडू नये म्हणून दोरखंडाचा बोळा, सगळं ठासून बसवायचं, तोफेच्या कानातून, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकातून, पिशवीला भोक पाडायचं, पेटवणी लावायची आणि कप्प्यांच्या दोरांनी पाच टन लोखंड झरोक्यातून बाहेर ओढायचं. बार झाला की तोफ उसळून मागे येते आणि जाड दोर तिला अडवतो. पुसण्यात हयगय झाली तर पुढची पिशवी नळीतच पेटते आणि ठासणाऱ्याचा हात जातो. दोर कुजका निघाला तर सुटलेली तोफ डोलणाऱ्या मजल्यावर माणसं चिरडत फिरते. त्यात दोन-तीन फेऱ्यांतच धुराने समोरची माणसं दिसेनाशी होतात. समुद्र खवळलेला असेल तर झरोके बंदच ठेवावे लागतात, कारण उघड्या झरोक्यातून येणारं पाणी शत्रूच्या गोळ्याइतकंच घातक. एवढ्या तोफा असूनही लाटांमुळे गप्प बसावं लागणं ही त्या पिढीच्या सगळ्याच चिलखती जहाजांची अडचण होती.

असं जड धूड महासागर ओलांडेल का, याची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. चिलखताचं वजन दोन्ही कुशींना, म्हणजे मध्यापासून लांब. त्यामुळे जहाज सावकाश झुलतं, पण खोल झुलतं. डोलकाठ्यांवर त्याचा ताण येतो आणि पत्र्यांचे बोल्ट करकरतात. बरीचशी चिलखती जहाजं बंदराच्या तोंडाशी उभी करण्यापुरतीच होती. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७०च्या सुमारास बांधलेली 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही त्याच जातीची, पाण्यालगत बसलेली, तोफा बुरुजात. नुमान्सियाला मात्र कास्तो मेंदेस नुन्येसच्या हाती सोपवून ४ फेब्रुवारी १८६५ला कादिझहून पॅसिफिककडे धाडलं. केप व्हर्देची बेटं, मोंतेव्हिदेओ, मग मॅगेलनची सामुद्रधुनी. त्या अरुंद, अंगावर येणाऱ्या वाऱ्यांच्या वाटेने एवढं जड जहाज एका पंख्याच्या आणि एका सुकाणूच्या भरवशावर न्यायचं, हे मला तिच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठं काम वाटतं. ५ मेला ती कायाओला पोचली.

आता खाली उतरू, जिथे कुणी फारसं उतरत नाही.

त्या काळचे बॉयलर समुद्राच्या पाण्यावर चालत. समुद्राच्या पाण्यात वजनाचा साधारण बत्तिसावा भाग क्षार असतो. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे साठत जातो. त्याचं प्रमाण दुप्पट-तिपटीला गेलं की ठरावीक वेळाने झडप उघडून आतलं खारट, उकळतं पाणी समुद्रात सोडायचं आणि नवं पाणी घ्यायचं. त्यासाठी आगवाल्यांच्या मुकादमाजवळ पाण्याची घनता मोजायची नळी असे, आणि दर पाळीत ती बुडवून बघणं हे जेवणाइतकं नेमाचं काम. पाणी सोडताना उष्णता वाया जाते, म्हणजे कोळसा वाया जातो. कोळसा वाचवण्याच्या मोहात झडप उशिरा उघडली तर भट्टीच्या छतावर क्षाराची खपली धरते. खपलीमुळे उष्णता पाण्यात जात नाही, लोखंड लाल होतं, मऊ पडतं, खाली फुगतं आणि एखाद्या दिवशी फाटतं. फाटलेल्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. भट्टीत कोळसा टाकणं हेही नुसतं फावडं मारणं नसतं. पातळ थर, सगळीकडे सारखा, दार उघडं ठेवायचं ते कमीत कमी, कारण थंड हवा आत शिरली की वाफेचा दाब उतरतो. जाळीवर वितळून चिकटलेला मळ सळईने उपटायचा, राख बादल्यांत भरून वर चढवायची आणि पुन्हा फावडं उचलायचं. उष्ण कटिबंधात हे सगळं चाळीस-पन्नास अंशांच्या काहिलीत, डोलणाऱ्या लोखंडी फरशीवर, चार-चार तासांच्या पाळीत.

कोळसा मिळवणं हे वेगळंच युद्ध होतं. लांब पल्ल्याला शिडं उभारून भट्ट्या विझवाव्या लागत, कारण कोठारात मावणारा कोळसा महासागराला पुरत नसे. शिडांवर चालताना बंद पडलेला पंखा पाण्यात ओढ धरतो आणि सात हजार टनांचं जहाज वाऱ्यावर रेंगाळतं. १८६६च्या सुरुवातीला पेरू, चिली, बोलिव्हिया आणि इक्वेडोर स्पेनच्या विरोधात एक झाले, आणि त्या बाजूच्या हजारो किलोमीटर किनाऱ्यावर स्पॅनिश जहाजांना कोळसा, ताजी भाजी, गोडं पाणी, दुरुस्तीची गोदी, काहीच हक्काचं उरलं नाही. सगळं मालवाहू जहाजांनी मागून आणायचं आणि लाटांवर हिंदकळणाऱ्या दोन जहाजांमध्ये पोती चढवायची. कोळशाची भुकटी जेवणात, डोळ्यांत, तोफांच्या कप्प्यांत जाऊन बसायची.

त्याआधीच, नोव्हेंबर १८६५मध्ये, स्पॅनिश आरमाराचा सेनापती पारेखा याने 'कोवादोंगा' हे आपलं छोटं जहाज चिलीच्या 'एस्मेराल्दा'ने पकडल्याचं कळल्यावर स्वतःला संपवलं, आणि सूत्रं मेंदेस नुन्येसकडे आली. शत्रूची जहाजं दक्षिणेला चिलोए बेटांच्या खाड्यांत दडली होती. नुमान्सिया आणि 'ब्लांका' त्यांच्या शोधात निघाल्या. पण आठ मीटरच्या आसपास पाणी लागणाऱ्या जहाजाला, नकाशे अपुरे असलेल्या त्या चिंचोळ्या वाटांत, प्रत्येक वळणावर खोली मोजत रांगावं लागतं. शत्रू वुइतोच्या आडोशाला होता, त्याने तोंड अडवलेलं, आणि नुमान्सिया आत जाऊ शकली नाही. त्या वेळी त्या महासागरातल्या सगळ्यात बलाढ्य जहाजांत ती गणली जात होती. तिला अडवलं ते उथळ पाण्याने.

मग ३१ मार्चला वाल्पाराइसो झालं. बचावाला तोफा नसलेलं व्यापारी बंदर, आधी इशारा दिलेला, माणसं टेकड्यांवर जाऊन बसलेली. लाकडी फ्रिगेटांनी सरकारी गोदामांवर सुमारे तीन तास गोळे डागले. अमेरिकेचा कमोडोर रॉजर्स 'मोनाडनॉक' हे बुरुजी जहाज घेऊन तिथे हजर होता, इंग्रजांचं आरमार होतं, दोघांनीही मध्यस्थीचा प्रयत्न केला आणि शेवटी दोघेही बाजूला झाले. नुमान्सियाने इशाऱ्याचे बार काढले आणि पहारा दिला. त्या आगीत तिचा हात थेट नव्हता म्हणून तिला सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. तिच्या पहाऱ्याच्या जोरावरच ते घडलं.

कायाओला मात्र समोरून उत्तर मिळालं. पेरूने किनाऱ्यावर आर्मस्ट्राँगच्या ३०० पौंडी तोफा फिरत्या लोखंडी मनोऱ्यांत बसवल्या होत्या आणि ब्लेकलीच्या त्याहून अवजड तोफा तटांमागे. दुपारी बाराच्या जरा आधी नुमान्सियाने पहिला बार काढला. तासाभरातच मेर्सेद मनोऱ्यात स्फोट झाला आणि पेरूचा युद्धमंत्री होसे गाल्वेस तिथेच गेला. इकडे 'बिया दे माद्रिद'चा वाफमार्ग फुटून ती जागच्या जागी थंडावली, 'बेरेंगेला'ला पाण्याच्या रेषेशी भगदाड पडलं, 'आल्मान्सा'ला आग लागली. लाकडी जहाजांची ही गत होत असताना नुमान्सिया गोळ्यामागून गोळा खात उभी होती. मेंदेस नुन्येस चिलखताच्या आडोशाला नव्हता, उघड्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवायचं त्या उंच मचाणावर होता. एक गोळा पुलाच्या कठड्याला लागला आणि उडालेल्या तुकड्यांनी त्याला अंगभर जखमा केल्या. जहाज कप्तान आंतेकेराच्या हातात राहिलं. स्पेनचे त्रेचाळीस जण कामी आले. संध्याकाळी पाचच्या सुमारास तोफा थांबल्या. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो म्हणून सांगितलं आणि दोघांच्याही राजधानीत त्या दिवसाच्या नावाचा चौक आहे: लिमात 'दोस दे मायो', माद्रिदमध्ये 'कायाओ'. गुळगुळीत नळीच्या ६८ पौंडी गोळ्यांनी मातीच्या तटबंदीचं कायमचं काही बिघडत नाही, आणि तेरा सेंटीमीटर लोखंडाचं ३०० पौंडी गोळाही क्वचितच काही बिघडवतो. मग इतकी माणसं कशासाठी गेली, हा प्रश्न त्या दोन चौकांच्या नावांनी सुटत नाही.

लढाईनंतर आठवड्याभराने आरमार दोन वाटांनी फुटलं. काही जहाजं केप हॉर्नला वळसा घालून ब्राझीलकडे गेली, नुमान्सिया आणि आणखी काही पश्चिमेला, पॅसिफिक ओलांडून. या प्रवासाचं वर्णन करताना पृथ्वीप्रदक्षिणेचा झेंडा फडकवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो मागच्या दाराने घरी जायचा रस्ता होता. ताजं अन्न महिनोन्‌महिने नव्हतं. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमांचे व्रण पुन्हा उघडले, माणसं शिडीवर दोन पावलं चढून बसू लागली. स्कर्व्ही जहाजात शिरला होता. जूनच्या शेवटी ताहितीला पापीतीच्या बंदरात नांगर पडला, तिथल्या संत्र्या-लिंबांनी आणि हिरव्या पाल्याने माणसं उभी राहिली. सप्टेंबरात मनिला.

आणि या सगळ्या काळात तिच्या तळावर रान माजत होतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोखंडी जहाजांचं खरं दुखणं इथे आहे. लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकतात. तांबं पाण्यात जरा जरा विरघळत राहतं, त्याच्या विषाने शेवाळ आणि शिंपले धरत नाहीत. लोखंडी तळाला तांबं लावता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना भिडले की विजेचा प्रवाह सुरू होतो आणि लोखंड भराभर खाल्लं जातं. मग उरतात ते विषारी रंग, आणि त्या काळचे रंग काही महिन्यांत निकामी व्हायचे. उबदार पाण्यात नांगर टाकून उभं राहिलं की आधी शेवाळाचा बुळबुळीत थर येतो, मग त्यावर कवचाचे किडे, मग शिंपले, आणि वर्षा-दीड वर्षात तळाला दाट लोकर आल्यासारखी होते. त्याच वेगासाठी कितीतरी जास्त कोळसा लागतो, शिडांवर जहाज सुकाणूला जुमानत नाही. उपाय एकच, सुकी किंवा तरंगती गोदी: जहाज वर घ्या, खरवडा, गंज घासा, दोन-तीन हात रंग द्या. पण एवढं जहाज उचलणारी गोदी त्या वाटेवर तिला कुठे मिळणार? रेनी कंपनीच्या आराखड्याची प्रचंड लोखंडी तरंगती गोदी स्पेनमध्ये कार्ताहेनाला होती, आणि नुमान्सिया तिथून अर्ध्या पृथ्वीवर होती. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून तीन वर्षं होती. म्हणून मनिलाहून बटाव्हिया, तिथून केप ऑफ गुड होप, मग अटलांटिक ओलांडून रिओ, असा लांबचा फेरा त्या खरबरीत तळानिशी तिने मारला.

२० सप्टेंबर १८६७ला ती कादिझला पोचली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारं पहिलं चिलखती जहाज म्हणून तिच्यावर लॅटिन भाषेतली पाटी लागली. त्या पाटीचा मान तिला मिळायलाच हवा होता. फक्त तो मान बॉयलरच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्यांचा, राख उपसणाऱ्यांचा, पाणी मोजून पिणाऱ्यांचा होता, आणि त्यांची नावं पाटीवर मावली नाहीत.

पुढची काही वर्षं स्पेनच्या राजकारणाने तिला ओढत नेलं. १८७०च्या अखेरीस इटलीचा राजपुत्र आमादेओ स्पेनचा राजा व्हायला निघाला तो तिच्यावरून. ३० डिसेंबरला तो कार्ताहेनाला उतरला, आणि ज्याने त्याला बोलावून घेतलं तो जनरल प्रिम मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी घायाळ होऊन त्याच दिवशी माद्रिदमध्ये मेला. सव्वादोन वर्षांत आमादेओ गादी सोडून परत गेला आणि प्रजासत्ताक आलं. जुलै १८७३मध्ये कार्ताहेना शहराने स्वतःचं स्वायत्त कँटन जाहीर केलं, आणि बंदरातली बहुतेक चिलखती जहाजं बंडवाल्यांच्या हाती पडली. माद्रिदच्या सरकारने त्यांना चाचे ठरवलं. मग जर्मन आणि इंग्रज युद्धनौकांनी 'व्हितोरिया' आणि 'आल्मान्सा' काढून घेऊन सरकारला परत केल्या. नुमान्सिया बंडवाल्यांकडेच राहिली. तिच्यावर उत्साह भरपूर होता, शिकलेले अधिकारी जवळपास नव्हते. ११ ऑक्टोबरला पोर्तमानच्या समुद्रात सरकारी ताफ्याशी गाठ पडली, तेव्हा ती आपल्या सोबत्यांना मागे टाकून एकटीच पुढे धावली. ज्या व्हितोरियाबरोबर एकाच पिढीत ती जन्मली, तिच्याशीच तिचा सामना झाला, आणि संध्याकाळपर्यंत ती तटांच्या आडोशाला परतली.

त्यानंतर काही दिवसांतच रात्रीच्या प्रवासात तिने आपल्याच ताफ्यातल्या 'फर्नांदो एल कातोलिको' या आगबोटीला धडक दिली आणि ती माणसांसकट बुडाली. शत्रूचं एकही चिलखती जहाज जिला कधी बुडवता आलं नाही, तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लागलेला हा बळी. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका पंख्याचं जड जहाज, हातांनी फिरवायचं चाक, सुकाणूवर पाण्याचा एवढा दाब की ते पूर्ण वळवायला माणसांची रांग लागते. चाक फिरवल्यावर नाळ वळायला सुरुवात होईपर्यंत जहाज आपल्या लांबीहून पुढे गेलेलं असतं. त्यात रात्र, दिव्यांच्या खुणा ठरलेल्या नाहीत, अंतर राखायची सवय नाही. हा दोष बंडखोरांच्या अननुभवाचा म्हणावा तर पुढच्या काळात चांगली तालीम झालेल्या आरमारांतही हेच घडलं. १८७५मध्ये 'आयर्न ड्यूक'ने 'व्हॅन्गार्ड' बुडवली, १८७८मध्ये 'क्योनिग विल्हेल्म'ने 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट', १८९३मध्ये 'कॅम्परडाउन'ने 'व्हिक्टोरिया'. शत्रूच्या पोटात खुपसायला म्हणून पाण्याखाली पुढे काढलेल्या नाळांनी शांततेच्या दिवसांत सोबत्यांचीच पोटं फाडली.

१२ जानेवारी १८७४ला कार्ताहेना पडलं. त्या दिवशी नुमान्सियावर बंडाचे पुढारी, सैनिक, सुटलेले कैदी, बाया-मुलं, अशी दीड हजारांहून जास्त माणसं चढली आणि ती बाहेर नाकाबंदी करून बसलेल्या जहाजांमधून वाट काढत अल्जीरियाच्या किनाऱ्याला, ओरानजवळ मेर्स-एल-केबिरला पोचली. फ्रेंचांनी माणसांना उतरवून घेतलं, आणि जहाज काही दिवसांत स्पेनला परत केलं. तिच्या सगळ्या प्रवासांत मला हा एका रात्रीचा प्रवास सर्वांत जिवंत वाटतो. सहाशेंच्या जहाजावर तिपटीने माणसं, तोफांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसलेली पोरं, आणि खाली कित्येक महिन्यांच्या वेढ्यात राखून ठेवलेल्या कोळशावर वाफ धरून ठेवणारे आगवाले. त्या रात्री दाब उतरला असता तर बरोबरच्या कित्येकांच्या मानेशी दोर आला असता.

त्यानंतरचं तिचं आयुष्य सावकाश मागे पडत जाण्याचं आहे. तोफांची संख्या घटली आणि वजन वाढलं, गुळगुळीत नळीच्या जागी आटे पाडलेल्या नळ्यांच्या आर्मस्ट्राँग तोफा आल्या. चिलखत मात्र तेच राहिलं, आणि दर दहा वर्षांनी तोफा त्याला मागे टाकत गेल्या. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला जन्मगावी, ला सेनला नेऊन किनारा राखण्यासाठी नव्याने बांधलं, शिडांच्या डोलकाठ्या जाऊन लढाऊ मनोरे आले, जलद मारा करणाऱ्या तोफा आल्या. १८९८ला अमेरिकेने क्युबा आणि मनिलापाशी स्पेनचं आरमार संपवलं, त्यात ती नव्हती. पस्तिशी उलटलेल्या घडीव लोखंडाने पोलादी गोळ्यांपुढे किती टिकाव धरला असता हे उघड आहे. त्या पैशाच्या नव्या बॉयलरांपेक्षा नवं जहाज घ्यायला हवं होतं, असं मला स्पष्टच वाटतं.

२ ऑगस्ट १९११ला टँजियरजवळ नांगरलेल्या या म्हाताऱ्या जहाजावर काही आगवाल्यांनी आणि खलाशांनी प्रजासत्ताकाच्या नावाने उठाव केला. तो थोड्याच वेळात मोडला. आंतोनियो सांचेस मोया या आगवाल्याला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि त्याच महिन्यात त्याला गोळ्या घातल्या. फाशीच्या शिक्षेला विरोध करणारा म्हणून ओळखला जाणारा कानालेखास तेव्हा पंतप्रधान होता आणि तरी शिक्षा अमलात आली, हे स्पेनमध्ये बराच काळ बोललं गेलं. या जहाजाच्या पोटात जवळपास अर्धं शतक भट्ट्या पेटत होत्या. त्या पेटवणाऱ्या शेकडो माणसांपैकी इतिहासाने ठळकपणे नाव लिहून ठेवलं ते या एकाचं, आणि तेही त्याने फावडं खाली ठेवल्यावर. सांचेस मोयाच्या बंडाची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण चार तासांच्या पाळीनंतर शिडी चढून वर आलेल्या माणसाला वरच्या स्वच्छ डेकवर काय दिसत असेल, याचा विचार त्याच्या शिक्षेच्या हुकमापेक्षा जास्त वेळ मनात राहतो.

१९१२ला तिला यादीतून काढलं आणि भंगारात विकलं. डिसेंबर १९१६मध्ये बिल्बाओला तोडायला ओढून नेत असताना पोर्तुगालच्या किनाऱ्याशी वादळ आलं. ओढून नेलं जाणारं मेलेलं जहाज फार धोक्याचं असतं. वाफ नाही म्हणजे पंप नाहीत, नांगर हातांनीच टाकायचा आणि हातांनीच ओढायचा, सुकाणू मधोमध बांधून ठेवलेलं. लाटेवर दोर ढिला पडतो आणि पुढच्या क्षणी झटक्याने ताणला जातो, जिथे तो जहाजाच्या तोंडाशी घासतो तिथे झिजतो. दोर तुटला आणि वारा किनाऱ्याकडचा असेल तर आतल्या मोजक्या माणसांच्या हातात काहीच उरत नाही. १७ डिसेंबरच्या सुमारास ती सेझिम्ब्राच्या किनाऱ्याला लागून फुटली. तिचे अवशेष तिथल्या उथळ पाण्यात आहेत, पाणबुडे ते बघायला उतरतात.

स्पेनशी लढायला म्हणून पेरूने इंग्लंडमध्ये बर्कनहेडला बांधून घेतलेली 'हुआस्कर' मात्र शिल्लक आहे. ऑक्टोबर १८६५ला ती पाण्यात उतरली, कायाओच्या लढाईला ती पोचली नाही, पुढे १८७९ला अंगामोसच्या लढाईत चिलीने ती जिंकली. आज ती चिलीच्या ताल्काहुआनो बंदरात तरंगते आहे, बुरुज, इंजिनघर सगळं जागेवर. चिलीचं आरमार तिच्या लोखंडी तळाला अजून ठरावीक वर्षांनी गोदीत घेतं, शिंपले खरवडतं, गंज घासतं आणि रंगाचे हात देतं.